‘कसे’ची अट : लंडनच्या रुग्णवाहिका आणि एका राहून गेलेल्या ओळीचा इतिहास

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. बी.कॉम. होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि सॉफ्टवेअर नावाच्या वस्तूशी माझी गाठ पडली ती काउंटरच्या आतल्या बाजूने. या लेखाचा विषय लंडनमधल्या १९९२ सालच्या एका घटनेचा आहे. पण मी त्या घटनेपर्यंत कसा पोचलो हे आधी सांगायला हवे, नाहीतर बँकेच्या माणसाला रुग्णवाहिकांचे काय, असे वाचकाला वाटत राहील.

आमच्या शाखेत १९९८ साली संगणक आले. दिवाळीनंतर कंपनीच्या मुलांनी प्रात्यक्षिक दाखवले. दहा खाती उघडली, पैसे भरले, काढले, व्याज लावले, पासबुक छापले. संचालक खूश झाले. आमचे हेड कॅशियर तेवढे मागे उभे होते. ते त्या मुलांतल्या एकाला म्हणाले, “बाळ, बुधवारी दाखवलंस. आता उचलीच्या दिवशी ये.” तो हसला. त्याला उचल म्हणजे काय हे माहीत नव्हते, आणि आम्हीही कोणी समजावून सांगितले नाही.

ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. साखर कारखाना उसाची पहिली उचल जमा करतो, तेव्हा एकाच सकाळी सात-आठशे खात्यांत रक्कम पडते आणि शटर उघडण्याआधी तितकेच शेतकरी बाहेर उभे असतात. डिसेंबरात तो दिवस आला. पहिला तासभर बरे चालले. मग एकेक नोंद व्हायला तीन-चार मिनिटे लागू लागली, दुपारपर्यंत सर्व्हर दोनदा बसला. लेजर आठवड्यापूर्वीच बंद करून कपाटात ठेवली होती. त्यातल्या शिलका जुन्या झाल्या होत्या, त्यामुळे हाताने पैसे देणेही शक्य नव्हते. एकाची बायको मिरजेला दवाखान्यात होती. तो टोकन हातात घेऊन साडेदहापासून उभा होता आणि त्याला पैसे मिळाले संध्याकाळी सहाला. मध्ये तो तीनदा माझ्यासमोर येऊन काही न बोलता परत गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. मॅनेजरसाहेब संतापले होते. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, कागदावरचं सगळं दिलंय. एक कलम राहिलं असेल तर दाखवा.” त्या रात्री मी करारनामा घरी नेऊन वाचला. त्याचे म्हणणे खरे होते. प्रोग्रॅमने काय काय करायचे याची पानेच्या पाने होती. एका वेळी किती जणांसाठी, किती वेळात, आणि मध्येच बंद पडला तर काय, याबद्दल एकही ओळ नव्हती. ती ओळ का नव्हती, हे शोधण्यात माझ्या पुढच्या वीसेक वर्षांच्या संध्याकाळी गेल्या.

शास्त्रात या दोन गोष्टींना वेगळी नावे आहेत. प्रोग्रॅमने काय करायचे, त्या झाल्या कार्याच्या अटी. ते किती वेगाने, किती भरवशाने, किती सुरक्षितपणे, वापरणाऱ्याला किती सोपे वाटेल असे करायचे, त्या गुणवत्तेच्या अटी. पुष्कळ पुस्तकांत दुसऱ्या गटाला ‘नॉन-फंक्शनल’ म्हणतात. मला हा शब्द कधी पटला नाही. मुलाचे नाव ठेवताना ‘मुलगी नव्हे ते’ असे ठेवावे, तशातला तो प्रकार. ज्याचे नावच नकाराने सुरू होते, त्याला कागदावर शेवटची जागा मिळाली तर नवल काय?

सॉफ्टवेअरच्या जन्मापासून हे असेच होते, असे मात्र नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने बव्हेरियातल्या गार्मिश या डोंगरातल्या गावी एक परिषद भरवली. अकरा देशांतले पन्नासेक जाणकार जमले होते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथून रूढ झाले, ‘सॉफ्टवेअर क्रायसिस’ हा शब्दप्रयोगही. पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी तिचा जो वृत्तान्त संपादित केला तो वाचताना जाणवते की या मंडळींचे दुखणे प्रोग्रॅम काय करतो याच्याशी फारसे नव्हतेच. प्रोग्रॅम उशिरा येतात, भरवशाचे नसतात, मोठे झाले की आवाक्याबाहेर जातात, हे ते बोलत होते. म्हणजे गुणवत्तेचेच बोलत होते.

मग १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याचा एक निबंध आला. हा माणूस अवकाशयानांच्या मोहिमांसाठी लागणारे सॉफ्टवेअर करून घेत असे. निबंधात एक आकृती आहे : जिन्यासारख्या उतरत जाणाऱ्या सात चौकटी. संपूर्ण यंत्रणेच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणे, चाचणी आणि शेवटी वापर. पुढे या आकृतीला ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा हे नाव पडले आणि जगभरच्या करारांत, सरकारी नियमांत, अभ्यासक्रमांत ती जाऊन बसली. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८५ साली काढलेल्या प्रमाणपद्धतीतही तिचीच छाया होती. सॉफ्टवेअरचे ‘जीवनचक्र’ म्हणून जे शिकवले जाते ते मुळात हेच.

मूळ निबंध मी पुष्कळ उशिरा वाचला आणि चकित झालो. त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्द नाही. शिवाय रॉइस स्वतःच म्हणतो की असा सरळ उतरत जाणारा मार्ग धोक्याचा आहे. त्याचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. वेळ किती लागतो, साठवणुकीची जागा पुरते का, माहितीची ने-आण नीट होते का, या गोष्टींचा आधी फक्त अंदाज बांधलेला असतो. त्या प्रत्यक्ष अनुभवाला येतात त्या चाचणीच्या चौकटीत, म्हणजे जवळपास शेवटी. तिथे अपेक्षा फसली तर आराखडाच बदलावा लागतो, आणि मग जिना पुन्हा वरून उतरायचा. म्हणून त्याचा सल्ला असा की नवी वस्तू असेल तर आधी एक छोटी प्रतिकृती करून पाहा. लोकांनी आकृती उचलली, सल्ला निबंधातच राहिला.

गुणवत्तेच्या अटींची मोजदाद करण्याचे प्रयत्नही याच दशकात झाले. बॅरी बोम आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये, जिम मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी १९७७ मध्ये याद्या मांडल्या. मॅकॉलच्या यादीत अकरा गुण होते. १९९१ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण आले, आयएसओ ९१२६. त्यात सहा मुख्य गुण आहेत. याद्यांच्या तपशिलात मी वाचकाला नेत नाही. त्या एकमेकींसारख्याच आहेत आणि नुसती यादी भिंतीवर लावून कुठलाही प्रोग्रॅम सुधारलेला नाही.

बोमनेच सांगितलेला एक प्रसंग मात्र याद्यांपेक्षा जास्त शिकवतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या सरकारी संस्थेने त्याच्या कंपनीकडे माहिती शोधण्याची एक यंत्रणा मागितली. करारात अट होती की उत्तर एका सेकंदात आले पाहिजे. हिशेब केला तर खर्च सुमारे १० कोटी डॉलरवर गेला. मग कोणाला तरी प्रतिकृती करून वापरणाऱ्यांपुढे ठेवण्याची बुद्धी झाली. बहुतेकांना चार सेकंद चालत होते. अट चार सेकंदांची झाली आणि खर्च ३ कोटींवर आला. प्रोग्रॅमने काय करायचे यातला एक शब्दही बदलला नव्हता, एक आकडा बदलला होता. गुणवत्तेची अट ही कामाच्या शेवटी फिरवायच्या रंगाच्या हातासारखी नसते, ती पायाची खोली ठरवते, हे मला या गोष्टीवरून समजले. ती न लिहिणे जितके वाईट, तितकेच न तपासता वाटेल ती लिहिणेही.

आता लंडन. तिथल्या रुग्णवाहिका सेवेच्या पतनाचा चौकशी अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्याकडच्या प्रतीच्या कडा आता झिजल्या आहेत. सरकारी अहवाल इतका स्पष्ट आणि सभ्य भाषेत लिहिता येतो, हे आधी खरे वाटले नव्हते.

सेवेचा पसारा असा : सुमारे ६०० चौरस मैलांचा प्रदेश, ६८ लाख रहिवासी, रोज २,००० ते २,५०० फोन आणि त्यातले १,३०० ते १,६०० ‘९९९’ या तातडीच्या क्रमांकावरचे. फोन आला की वॉटर्लूच्या नियंत्रण कक्षात एक माणूस छापील फॉर्मवर तपशील लिही, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधून तिचा संदर्भ टाकी. फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाई. तिथे तो ईशान्य, वायव्य की दक्षिण अशा विभागाला दिला जाई, आणि त्या विभागाचा वाटपकार कोणती गाडी पाठवायची ते ठरवी. फोन आल्यापासून तीन मिनिटांत गाडीला निरोप गेला पाहिजे, असा राष्ट्रीय दंडक होता. कागदाच्या या वाटेने तो पाळणे अवघड जात होते, म्हणून संगणक हवा होता. इथे ‘कसे’ची अट होती, हे लक्षात घ्यावे. पण ती सेवेला लागू होती. यंत्राच्या वाट्याला त्यातला नेमका कोणता भाग येतो, हे उतरवून काढण्याचे काम राहिले.

पहिला प्रयत्न १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि १९९० च्या शरदात सोडून द्यावा लागला. कारण काय? गर्दीच्या वेळेइतका भार टाकून चाचणी घेतली, त्यात यंत्रणा टिकली नाही. तोवर ७५ लाख पौंड खर्च झाले होते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत दुर्लक्षित प्रसंग आहे. चाचणी उशिरा झाली, पण झाली, आणि निकामी यंत्र रुग्णांपर्यंत पोचले नाही. यातून भाराची चाचणी आधी घ्यावी असा धडा घ्यायला हवा होता. घेतला गेला तो पैसे फार गेले, एवढाच.

दुसऱ्या प्रयत्नासाठी १९९१ च्या सुरुवातीला गरजांचा दस्तऐवज तयार झाला. तो अतिशय तपशीलवार होता. यंत्र स्वतःच जवळची गाडी निवडेल, गाडीतल्या छोट्या पडद्यावर निरोप जाईल, गाडी कुठे आहे ते आपोआप कळेल, सगळे लिहिले होते. एका सल्लागार संस्थेने आधी सांगितले होते की तयार प्रोग्रॅम मिळाला तर १५ लाख पौंड आणि १९ महिने धरा, नाही मिळाला तर दोन्ही पुष्कळ वाढवा. प्रत्यक्षात ९,३७,४६३ पौंडांची निविदा मंजूर झाली, आणि ८ जानेवारी १९९२ ही तारीख ठरली. तारखेबद्दल शंका काढणाऱ्या पुरवठादारांना ती बदलणार नाही असे सांगण्यात आले. पगारावरून १९८९-९० मध्ये झालेला मोठा संप नुकताच संपला होता, व्यवस्थापन आणि गाडीवरची माणसे यांच्यात विश्वास उरला नव्हता. दस्तऐवज लिहिताना गाड्या चालवणाऱ्यांना फारसे विचारलेच गेले नाही.

तारीख उलटली. वर्षभर तुकड्यातुकड्यांनी काम सुरू झाले. मग २६ ऑक्टोबर १९९२ ला, सोमवारी, सगळे एकदम सुरू केले. त्या दिवशी ८१ ज्ञात दोष शिल्लक होते. सगळे भाग एकत्र जोडून, पूर्ण भार टाकून समाधानकारक चाचणी कधी झालीच नव्हती. शनिवार-रविवारात नियंत्रण कक्षाची मांडणी बदलली होती. कागद हटवला, तीन विभागांच्या जागी सगळे लंडन एक धरले, वर्षानुवर्षे शेजारी बसणारी माणसे वेगवेगळ्या जागी गेली.

त्या दिवशी काय झाले ते कसले बिघडले म्हणून झाले नाही, हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षात आले नव्हते. अहवाल स्पष्ट सांगतो की २६ आणि २७ तारखेला तांत्रिक अर्थाने यंत्रणा बंद पडली नाही. अधूनमधून ती फार मंदावली, पण एकंदरीत तिला जे करायला सांगितले होते ते तिने केले. हे वाचले आणि मला आमच्या कंपनीच्या माणसाचा शांत आवाज ऐकू आला.

तिला जे सांगितले होते त्यात एक गृहीत लपलेले होते. प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, याची माहिती जवळजवळ नेहमी बिनचूक असेल, असे ते गृहीत. सकाळी काम हलके असताना हाताने चुका दुरुस्त करता आल्या. काम वाढले तशी गाड्यांची स्थिती चुकीची दिसू लागली. गाडीतल्या माणसांकडून बटणे चुकत होती, रेडिओच्या काही भागांत निरोप पोचत नव्हते, नेमून दिलेली सोडून भलतीच गाडीही नेली जात होती. माहिती चुकली की यंत्र लांबची गाडी निवडी, किंवा एकाच जागी दोन गाड्या पाठवी. प्रत्येक विसंगतीचा एक इशारा पडद्यावर येई. इशारे इतके झाले की जुने पडद्याच्या वर सरकून दिसेनासे झाले. न पाहिलेल्या इशाऱ्यांतून नवे इशारे निर्माण होत होते. गाडी येत नाही म्हणून लोक पुन्हा फोन करत, ते फोन नवे म्हणून नोंदले जात, रांग आणखी वाढे. अखेर २७ तारखेला दुपारी वाटपाचे काम अर्धे हाताने करायला सुरुवात झाली. २८ तारखेला मुख्याधिकारी जॉन विल्बी यांनी राजीनामा दिला.

खरा तांत्रिक बिघाड आठवड्याने आला. ४ नोव्हेंबरला पहाटे दोननंतर यंत्रणा मंदावली आणि गोठली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरच्या हातून चाचणीपुरता लिहिलेला छोटा तुकडा तसाच राहून गेला होता. प्रत्येक गाडी पाठवताना तो सर्व्हरची थोडी स्मृती अडवी आणि परत सोडत नसे. थेंब थेंब करून सगळी संपली. बंद पडल्यास दुसऱ्या सर्व्हरने आपोआप ताबा घ्यायची सोय होती, पण तिची पुरी तपासणी झालेली नव्हती आणि ऐन वेळी ती लागू पडली नाही. त्या रात्री कक्षातल्या माणसांनी फोन आणि कागदावर सगळे सांभाळले. रात्रीची वेळ होती म्हणून ते निभले.

इथे एक खुलासा. या घटनेमुळे वीस-तीस माणसे दगावली असा आकडा तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापला, आणि तो आजही व्याख्यानांतून बिनदिक्कत सांगितला जातो. मीही सुरुवातीला एका ठिकाणी सांगितला होता. अहवालात त्याला आधार नाही. उशिरा आलेल्या रुग्णवाहिकेमुळे मृत्यू झाला असे कोणत्याही मृत्यूचौकशीत ठरले नव्हते, असे तो नमूद करतो. म्हणून यातना कमी ठरत नाहीत. कित्येक लोक तासन्‌तास वाट पाहत होते. पण आकडा वापरायचा तर तो सिद्ध झालेला असावा.

या पतनाचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे स्वस्त निविदा आणि घाई. दोन्ही खरी आहेत. पण माझे समाधान त्याने होत नाही. पहिल्या प्रयत्नावर आठपट पैसा गेला होता, तोही भाराखाली कोसळलाच. मला वाटते मूळ अडचण ही की जुन्या कागदी पद्धतीत काही गुण होते आणि ते कोणीच कधी लिहून ठेवले नव्हते, कारण ते कोणाला गुण वाटलेच नव्हते. एकाच अपघाताचे दोन फोन आले तर ते एकच आहेत हे कोणाच्या तरी लक्षात येई, कारण फॉर्म एकाच हातातून जात. आपल्या विभागातली कोणती गाडी खरोखर मोकळी आहे, याचा वाटपकाराला रेडिओवरच्या आवाजावरून अदमास येई. माहिती अर्धवट असली तरी काम चालू राहणे, एक भाग अडला तरी बाकीचे न अडणे, हे गुण त्या खोलीत होते. गरजा लिहिणारा येऊन विचारतो, “तुम्ही काय करता?” माणूस सांगतो, फॉर्म लिहितो, पट्ट्यावर ठेवतो. माहिती चुकीची असते तेव्हा काय करता, हे विचारले जात नाही, आणि न विचारता ते सांगायला कोणाला सुचत नाही. आम्हालाही उचलीचा दिवस समजावून सांगायला सुचले नव्हते. तो आमच्या इतका अंगवळणी पडला होता की ती माहिती आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

लंडनमध्ये पुढे काय झाले हे फार कमी ठिकाणी सांगितले जाते. यश सांगण्यात कोणाला रस नसतो. पुढची काही वर्षे सेवा कागदावर चालली. मग १९९६ मध्ये नवी यंत्रणा सुरू झाली, या वेळी सेवेच्या स्वतःच्या माणसांनी केलेली. आधी फक्त फोनची नोंद संगणकावर घेतली. ती स्थिरावल्यावर पत्ता शोधण्याची सोय जोडली. नमुना करून तो वापरणाऱ्यांपुढे ठेवायचा, ते काय म्हणतात ते पाहून बदलायचा, असे काम चालले. कोणत्या तारखेला सगळे सुरू होणार, अशी घोषणाच केली नाही. रॉइसचा जुना सल्ला वॉटर्लूला पोचायला सव्वीस वर्षे लागली होती.

आमच्या बँकेने दुसरे सॉफ्टवेअर घेतले ते २००३ साली, दुसऱ्या कंपनीकडून. करारनाम्याचा मसुदा पाहण्यासाठी माझ्याकडे आला, कारण तोवर ‘याला असले वाचायचा नाद आहे’ हे सगळ्यांना माहीत झाले होते. मी तीन ओळी वाढवल्या. आठशे खाती एका सकाळी. प्रत्येक नोंद जास्तीत जास्त दहा सेकंदांत. सर्व्हर बसला तर अर्ध्या तासात आदल्या संध्याकाळच्या शिलकेची छापील यादी काउंटरवर. कंपनीने पहिल्या ओळीसाठी दर वाढवून मागितला, संचालकांनी खळखळ करून दिला. चाचणीची तारीख मात्र हेड कॅशियरनी ठरवली. निवृत्तीला त्यांचे सहा महिने राहिले होते. त्यांनी आदल्या वर्षीच्या उचलीची खरी यादी काढली, शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना रविवारी बोलावले, प्रत्येकाच्या हातात स्लिपांचा गठ्ठा दिला आणि काउंटरच्या बाहेर रांगेत उभे केले. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी कोणालाही न सांगता सर्व्हरची पिन काढली. इंजिनिअर ओरडला, “काका, हे काय करताय!” काकांनी घड्याळ पाहिले आणि स्टुलावर बसून तंबाखू मळायला घेतली. यादी छापून काउंटरवर आली तेव्हा एकोणतीस मिनिटे झाली होती.